तक्रार निकाली निघाली. पण बाई कुठे आहे?

मोठी पोस्ट आहे. स्वतः नोकरी करत असाल किंवा घरातली लेक, सून, बहीण कामाला जात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

महिला दिन आला की कंपन्या अभिमानाने सांगतात, "आमच्याकडे यंदा एकही तक्रार नाही." टाळ्या वाजतात. अहो, तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं नसतं. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी जिने तक्रार केली तिचं काय झालं, ते बाकीच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मी नाशिकमध्ये काही ठिकाणी अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. नावं घेणार नाही, गोपनीयतेचं बंधन मलाही आहे. पण पद्धत सांगते, कारण ती सगळीकडे सारखीच.

तक्रार केली म्हणून कुणी लगेच काढून टाकत नाही. इतका उघडपणा कोण करेल? आधी मीटिंगचे निरोप यायचे थांबतात. मग शिफ्ट बदलते. वर्षानुवर्षं चांगला शेरा मिळवणारी बाई अचानक कामात कच्ची ठरते. मग बदली. कंत्राटी असेल तर आणखी सोपं, मुदत संपली की पुढे वाढवायचीच नाही. जिने तिच्या बाजूने साक्ष दिली, तिची पगारवाढ अडकते. कागदोपत्री सगळं स्वच्छ. शेवटी बाई स्वतःच राजीनामा देते आणि फायलीत कारण लिहिलं जातं, "वैयक्तिक अडचण."

मी फुगवून सांगतेय असं वाटत असेल तर पंजाब अँड सिंध बँकेचं प्रकरण बघा. इंदूर शाखेतल्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याने शाखेतल्या गैरव्यवहाराबद्दल वर कळवलं, वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार केली. तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या अशा शाखेत झाली, जिथे तिच्यापेक्षा कितीतरी खालच्या श्रेणीचा अधिकारी नेमतात. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती बदली रद्द ठरवली, हा सूडच आहे असं मानलं आणि बँकेला ५०,००० रुपये खर्च द्यायला लावला. पण त्यासाठी तिला दोन वर्षांहून जास्त भांडावं लागलं, आणि तेही थेट दिल्लीपर्यंत. अंबडच्या कारखान्यात पॅकिंग करणारी बाई कुठे जाणार?

आता कायद्याकडे या. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास होऊ देऊ नका. २०१३ साली कायदा आला. त्यात खोटी तक्रार करणारीवर कारवाईसाठी कलम १४ आहे. खोटी साक्ष देणाऱ्यावरही कारवाई आहे. पण खरी तक्रार केली म्हणून सूड उगवणाऱ्या मालकाला शिक्षा देणारं वेगळं कलम? नाही! बाईला दम द्यायची सोय झाली, साहेबाला दम द्यायची राहून गेली.

कलम १२ आहे, मान्य. त्याखाली बाई लेखी मागणी करून स्वतःची किंवा आरोपीची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा मिळवू शकते. तिच्या कामाचा शेरा आरोपीने लिहू नये असंही समिती सांगू शकते. पण हे सगळं चौकशी चालू असेपर्यंत. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. सूड घेणाऱ्याला घाई नसते, तो ९१ व्या दिवसाची वाट बघतो.

काहीजण कॉमेंटमध्ये येतीलच, "ताई, खोट्या तक्रारींचं काय?" त्यांच्यासाठी कलम १४ आहेच, वर सांगितलं. आणि त्याच कलमात लिहिलंय की पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. दुसरं म्हणजे, तक्रार खोटी वाटत असेल तर समितीसमोर सिद्ध करा ना. परस्पर बदली कशाला करता?

माझ्या मागण्या तीनच.

एक, तक्रारीनंतर दोन वर्षं तक्रारदार आणि साक्षीदार यांची बदली, खराब शेरा, कामावरून कमी करणं, कंत्राट न वाढवणं, यातलं काहीही समितीच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये.

दोन, तरीही झालंच, तर हा सूड नाही हे मालकाने सिद्ध करावं. तिने नव्हे.

तीन, समितीच्या वार्षिक अहवालात तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांवर रखडल्या हे विचारतात. एक रकाना वाढवा: तक्रार करणाऱ्यांपैकी आज कामावर किती जणी आहेत? बघा मग किती कंपन्यांची बोबडी वळते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर बायांनो, तोंडी काही करू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, जुने चांगले शेरे आणि मेल घरी जपून ठेवा. कलम १२ ची मागणी तक्रारीसोबतच करा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते. तिच्याशी बोलणं बंद करू नका. साहेबाचा सूड तुमच्या गप्प बसण्यावरच चालतो.