जुगाड नव्हे, मोजमाप!

"वीकेंडला काय करतोस?" या प्रश्नाला मी "भंगारातल्या पार्ट्समधून सीएनसी राउटर बांधतोय" असं उत्तर दिलं की समोरून हमखास येतं, "वा! जुगाड!" कौतुकच असतं ते, पण मला हा शब्द इथे अजिबात पटत नाही. आज त्याबद्दलच थोडंसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाकूड किंवा अॅक्रिलिक कोरणारं कटर तीन अक्षांवर फिरवायचं आणि फिरवायचं काम कॉम्प्युटरने करायचं, म्हणजे सीएनसी राउटर. कल्पना जुनीच. एमआयटीने १९५२ मध्ये असं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा सूचना पंच केलेल्या पट्टीवरून जायच्या. आज एक आर्डुइनो आणि जीआरबीएल हे फुकट फर्मवेअर तेच काम करतं. म्हणजे आपल्यासारख्या कोड पाडणाऱ्यांचा भाग तयारच आहे!

उरतं लोखंड. ते पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही भंगारवाल्या काकांकडे मिळतं. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसला तर सोडू नका, त्यात स्टेपर मोटर आणि छान पॉलिश केलेला दांडा असतो. (नव्या इंकजेटमध्ये बहुतेक वेळा साधी डीसी मोटर निघते.)

आता मुद्दा. नवा पार्ट डेटाशीट घेऊन येतो. भंगारातल्या पार्टची डेटाशीट आपणच लिहायची असते! दांडा सरळ आहे का? जाड काचेवर घरंगळवायचा आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचं. मोटरच्या चार वायर्समधल्या जोड्या कोणत्या? मल्टिमीटर लावायचा. एका फेरीत किती स्टेप्स? मोजायच्या, बऱ्याचदा २०० निघतात.

खरी गंमत पुढे आहे. साधा ८ मिमीचा आटे पाडलेला रॉड घेतला तर एका फेरीत नट १.२५ मिमी सरकतो. भागिले २००, म्हणजे एका स्टेपला ०.००६२५ मिमी. कागदावर काय अचूकता! पण नटमध्ये ०.२ मिमी ढिलेपणा असेल तर दिशा बदलताना पहिल्या ३२ स्टेप्स हवेत जातात. गोल कोरायला सांगितलं की चपटा गोल मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये ३२ स्टेप्स वाढवून भागत नाही, कारण त्या फटीत कटर टेबलाला हवं तिकडे ओढतं. उपाय लोखंडातच करावा लागतो: दोन नट, मध्ये स्प्रिंग.

"चालतंय ना? मग झालं!" हा जुगाड. "चालतंय, पण चुकतंय किती?" हे इंजिनिअरिंग. डिग्रीच्या चार वर्षांत हा प्रश्न आपण फाइलिंगचा जॉब घासून सबमिट करण्यापुरताच विचारला, आणि नंतर आयटीत आलो.

मग सगळंच भंगारातून घ्यावं का? मुळीच नाही. पॉवर सप्लाय आणि इमर्जन्सी स्विच नवेच घ्या. स्पिंडल म्हणून जुनी ड्रिल मशीन लावू नका, तिची बेअरिंग्ज बाजूने येणाऱ्या जोरासाठी नसतात आणि चक ढिला होऊन कटर उडू शकतं. "चालतंय ना" इथे बोटांवर किंवा डोळ्यावर बेतू शकतं.

आणि हो, पैसे वाचतील म्हणून या नादाला लागू नका. वीकेंड्सचा हिशोब धरला तर हे स्वस्त पडत नाही. फक्त नेमप्लेट्स कोरायच्या असतील तर सरळ ३०१८ चं किट मागवा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मशीन का चुकतं हे समजून घ्यायचं असेल, तर भंगारासारखा मास्तर नाही.

असो. कोणी सुरुवात करणार असाल तर एक फुकटचा सल्ला: मोटरच्या आधी डायल गेज घ्या :)