खाटेवरचा व्यायाम हा उपचारच

मोठी शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की पुण्यातल्या घराघरांत एकच हुकूम सुटतो: "हलू नका, टाके ओढले जातील." पाण्याचा पेला हातात मिळतो, उशी दुसराच कुणी सरकवतो, भेटायला आलेले पाहुणेही "आता नुसता आराम करा" असं बजावून जातात. यामागे माया आहे, यात शंका नाही. पण या मायेने रोग्याचं नुकसान होतं.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकू. विश्रांतीवाले म्हणतात, कापलेलं शरीर भरून यायला ताकद लागते, ती हालचालीत उधळू नये; टाके ताजे आहेत; आणि दुखतंय याचा अर्थ शरीरच 'थांब' म्हणतंय. हा अडाणीपणा मुळीच नाही. ही शिकवण डॉक्टरांचीच होती. गांधीजींचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या ससून रुग्णालयात 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. ते तेव्हा कैदेत होते; 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, तरी त्यांचा मुक्काम ससूनमध्येच होता; मार्चमध्ये ते प्रकृती सुधारण्यासाठी जुहूला गेले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. जखमा चिघळायच्या, आणि पोट उघडलेल्या रोग्याला दीर्घकाळ खाटेवर ठेवण्याचा रिवाज जगभर होता. आपल्या आजी-आजोबांनी तो दवाखान्यात पाहिला आणि घरी आणला. पुढे दवाखान्याने तो सोडला, घराने मात्र धरून ठेवला.

दवाखान्याने का सोडला? शिकागोचे डॉ. एमिल रीस यांनी 1899 मध्येच रोग्याला लवकर उठवावं असं मांडलं होतं, पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. 1947 मध्ये डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके अवयवागणिक मांडले. आणि 1966 मध्ये अमेरिकेतल्या डलासला पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वाढत्या वयाने तीस वर्षांत जेवढी क्षमता नेली नव्हती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी नेली होती! ही विशीतल्या धडधाकट पोरांची गत; सत्तरीतल्या, बायपास झालेल्या माणसाचं काय होत असेल? पडून राहिल्याने ताकद वाचत नाही, ती झिजते.

आता टाक्यांचं. खोकल्याची एक उबळ पोटावर जो ताण आणते, त्याच्या पासंगालाही पाऊल हलवण्याचा ताण पुरत नाही. उलट उताणं पडून श्वास उथळ झाला, की फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, पुढे न्यूमोनियाची भीती असते. म्हणून तर दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र हाती दिलेलं असतं. ते पुष्कळ घरांत पिशवीतच राहतं, आणि बाहेर निघालं तरी लोक त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नसतं! ओठांत नळी धरून श्वास सावकाश आत ओढायचा, चेंडू वर गेले की क्षणभर धरायचा, मग सोडायचा. खोकला आला तर दाबून ठेवू नये. उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरावी आणि खोकून कफ काढावा.

पायांचं कारण याहून गंभीर आहे. पायातलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. ते निपचित राहिले की शिरांत रक्त साकळतं, गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. दोन्ही पावलं घोट्यातून पुढे दाबणं, मग स्वतःकडे ओढणं, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणं, टाच गादीवरून घासत पाय जवळ घेणं, हे सगळं निजल्या निजल्या होतं. "आम्ही तेल लावून पाय चोळून देतो की," असं काहीजण म्हणतात. चोळल्याने स्नायूला स्वतःचं काम करण्याचा सराव होत नाही, आणि आत गुठळी असेलच तर चोळणं घातक ठरू शकतं.

सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवर ठेवणाऱ्या घरांनी तर हे आवर्जून ऐकावं. सिझेरियन ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. तिला खाऊ-पिऊ घाला, झोप मिळू द्या, बाळाला सांभाळा, पण तिची हालचाल बंद करू नका.

दुसऱ्या टोकाचे लोकही चुकतात. "आमचे काका दुसऱ्या दिवशी जिना चढले," असं सांगून रोग्याला लाजवणं बरं नव्हे. छातीचं हाड कापलेल्याने हातांवर भार देऊन उठायचं नसतं, खुबा बदललेल्याला काही वळणं वर्ज्य असतात, मणक्याचे नियम आणखी वेगळे. गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. टाके थोडे ताणल्यासारखे वाटणं अपेक्षितच असतं. पण एकच पोटरी सुजली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा जखमेतून रक्त आलं, तर व्यायाम थांबवून तडक दवाखाना गाठावा.

पुण्यात हे शिकवणाऱ्यांची वानवा नाही. शिवाजीनगरच्या संचेती रुग्णालयाशी जोडलेलं फिजिओथेरपीचं महाविद्यालयच आहे, आणि घरी येऊन शिकवणारे फिजिओथेरपिस्टही मिळतात. कमी पडतो तो घरच्यांचा आग्रह. गोळ्यांच्या वेळा आपण दोनदा विचारून घेतो. रुग्णालयातून घरी सोडतील त्या दिवशी तितक्याच आग्रहाने विचारा: खाटेवर कोणत्या हालचाली करायच्या, दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या अजिबात करायच्या नाहीत? उत्तर गोळ्यांच्या चिठ्ठीवरच लिहून घ्या.