आर्पाद वाइस: परक्या मैदानावरचे नाव

खेळाडूच्या नावावर गोल तरी जमा होतात. परदेशी राबणाऱ्या प्रशिक्षकाच्या नावावर काय उरते, हा प्रश्न हंगेरियन ज्यू प्रशिक्षक आर्पाद वाइस यांच्याविषयी वाचताना आम्हांस सतत पडतो. १९३० साली, चौतिसाव्या वर्षी, त्यांनी मिलानच्या आंब्रोसियाना (म्हणजे आजच्या इंटर) संघास इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. कोवळ्या जुझेप्पे मेआत्सा यास मुख्य संघात आणले तेही त्यांनीच. पुढे बोलोन्यासह १९३६ व १९३७ची विजेतेपदे. १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटली सोडावी लागली. पॅरिसमार्गे ते नेदरलँड्समधील दोर्द्रेख्तच्या एका छोट्या संघाकडे गेले. १९४२मध्ये अटक झाली. पत्नी आणि दोन मुले त्याच वर्षी आउशवित्समध्ये मारली गेली. वाइस जानेवारी १९४४मध्ये.

त्यानंतर सहा दशकांचे विस्मरण. इटलीच्या लेखी ते परके, हंगेरीच्या लेखी निघून गेलेले. (भाषा बदललेल्या लेखकाचीही वाङ्मयेतिहासात बहुधा हीच गत होते.) २००७मध्ये मात्तेओ मारानी यांनी लिहिलेले चरित्र आले, मग स्मृतिफलक लागले. हे उचितच झाले; परंतु आता त्यांचा मृत्यूच तेवढा वाचला जातो, आणि हा दुसरा अन्याय आहे असे आम्ही मानतो. आल्दो मोलिनारी यांच्यासह त्यांनी १९३०मध्येच इटालियन भाषेत फुटबॉलचे एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले होते. ते कोण उघडतो? त्यास प्रस्तावना होती व्हित्तोरिओ पोत्सो यांची. इटलीने १९३४ व १९३८चे विश्वचषक जिंकले ते याच पोत्सोंच्या मार्गदर्शनाखाली.