लाटणंवाली बाई आता पुरे!

दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रांतली बाई आपल्या ओळखीची आहे. हातात लाटणं, समोर भेदरलेला नवरा. दुसरी बाई सरकारी भित्तिपत्रकावरची. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी, आणि वर मोठ्या अक्षरांत तिलाच केलेला उपदेश. दोघींनाही स्वतःचं वाक्य नाही. चित्र काढणारा दुसरा, बोलणारा दुसरा, हसणारा आणि हळहळणाराही दुसराच.

मग बायांनी स्वतःच चित्रकथा काढाव्यात, असं म्हटलं की उत्तर तयार असतं : 'हा पोरखेळ आहे, आणि चित्रं काढायला हात लागतो.'

हात कुणाचा? 2011 साली 'भीमायन' आलं. बाबासाहेबांनी भोगलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग त्यात आहेत. 1934 साली दौलताबादच्या किल्ल्यात पाण्यावरून झालेला अपमानही आहे, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट. ती चितारली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड जोडप्यानं. दुर्गाबाई शाळेत गेलेल्या नाहीत. सारवलेल्या भिंतीवर दिग्णा काढत त्यांचा हात तयार झाला. माणसं चौकोनात कोंडायला या दोघांनी नकार दिला. चौकटींऐवजी दिग्ण्याच्या वळणदार रेघांनी पान विभागलं. साध्या बोलण्याला पाखराच्या आकाराचा फुगा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आपल्या किनवट-माहूरमध्येही गोंड, परधान वस्ती आहे. तिथल्या किती मुलींना कुणी विचारलं, तुझी गोष्ट कशी काढशील?

त्याच 2011 साली महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर चित्रपुस्तक आलं. श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलं, अपराजिता निनान यांनी चितारलं, दिल्लीच्या प्रकाशकानं छापलं, इंग्रजीत! मूळ पुस्तक मराठी, 1873 सालचं. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची पहिली चित्रकादंबरीही 2008 साली आली ती इंग्रजीतच. या बायांना दोष कशाला द्यायचा? दोष आहे तो चित्रकथा म्हणजे लहान मुलांचा खाऊ असं समजणाऱ्या आपल्या मराठी प्रकाशन व्यवहाराचा.

तेव्हा प्रकाशकाची वाट पाहायला नको. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'नं गावोगाव शिकवलेली रीत सोपी आहे. गोष्ट आधी चार-पाच ओळींत लिहायची. तिचे चार भाग करायचे : सुरुवात, अडचण, कलाटणी, शेवट. ए-फोर आकाराचे दोन कागद, प्रत्येकावर दोन चित्रं. आधी पेन्सिल, मग काळं पेन. शब्द आधी लिहायचे, फुगा नंतर त्याभोवती काढायचा, नाहीतर अक्षरं दाटीवाटीनं कोंबावी लागतात. कडेला समास सोडायचा, कारण झेरॉक्समध्ये कडा कापली जाते. पेन्सिलीची छटा ठेवायची नाही, ती डागासारखी उमटते. मग झेरॉक्स काढून, दोन्ही कागद जोडून, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायचं : बसथांब्यावर, दळणाच्या गिरणीत, शाळेच्या भिंतीवर.

हे तातडीचं का आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 20 ते 24 वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत 48 टक्के, बीडमध्ये सुमारे 44 टक्के निघाल्या. लातूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे, नांदेड परभणीला. लग्न ठरतं तेव्हा मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. त्या खोलीत तिला बोलता येत नाही, कागदावर येईल. नाव लिहिणं धोक्याचं असेल, तर खाली फक्त गटाचं नाव टाकावं.

आता थोडं आपल्याच संघटनांना. मुलींनी काढलेलं चित्र 'नीटनेटकं' करायला शहरातल्या चित्रकाराकडे पाठवणं बंद करा. शेवटच्या चौकटीत आपली घोषणा घुसडणंही बंद करा. तिच्या गोष्टीतली मुलगी हरली, तर हरलेलीच छापा. गाव ते चित्र पाहून बोलेल, भांडेल, आणि ते भांडण व्हायलाच हवं.

नांदेड-लातूरच्या प्रत्येक गटानं तयार भित्तिपत्रकांवरच्या खर्चातून आधी कागदाचं एक रीम आणि काळी पेनं आणावीत. वाटून टाकावीत. मग दुसऱ्यांनी काढलेल्या बाया भिंतीवरून उतरवायला कुणाची परवानगी लागणार नाही.