बंद केले, तर कारण लिहून द्या

महाराष्ट्रात चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या गरीब, प्रौढ माणसाला दरमहा मिळणारी सरकारी मदत मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून येते. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेच्या पैशांना गावोगाव ‘निराधारचा पगार’ म्हणतात. अर्जदार १८ ते ६५ वयाचा असावा, किमान पंधरा वर्षे राज्याचा रहिवासी असावा आणि दिव्यांगाच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे, या तिच्या मुख्य अटी. पासष्टी ओलांडली की लाभार्थी श्रावणबाळ योजनेकडे वर्ग होतो. २०२३ मध्ये अनुदानाची रक्कम १५०० रुपये झाली. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २५०० आहे.

ही रक्कम कुणाचा उपकार नव्हे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व अशा प्रसंगी राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे सार्वजनिक साहाय्य द्यावे, असे राज्यघटनेचे कलम ४१ सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा त्यापुढे जातो. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्याच्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत मिळायला हवी. तरीही २०२३ ची वाढ सगळ्यांना सरसकट सारखी दिली गेली. कायद्याच्या हिशेबाने दिव्यांगाचे १८७५ होत होते. महिन्याला ३७५ रुपयांचा हा फरक दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. केंद्राची तऱ्हा आणखी वेगळी. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला दारिद्र्यरेषेखालील असण्याबरोबर ८० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि एवढे सगळे जुळून आल्यावर केंद्राचा वाटा पडतो महिना ३०० रुपये.

अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. त्यावर तालुका पातळीवरची समिती बैठकीत निर्णय घेते. आचारसंहिता लागली किंवा समितीची नेमणूक रखडली की बैठक पुढे जाते आणि प्रकरणे तशीच पडून राहतात. पुढे कधीतरी ‘यादीत नाव आलंय’ एवढा निरोप कोतवालाकडून किंवा एखाद्या कार्यकर्त्याकडून येतो. बहुतेकांच्या वाट्याला मंजुरी येते ती अशी, तोंडी. निरोप आणणाऱ्याचे उपकार मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत फेडावे लागतात. मंजुरीचा लेखी आदेश प्रत्येकाच्या हातात पडला, तर या मधल्या दलालीचे निम्मे दुकान तरी बंद होईल.

चांगल्या मंजुरीपत्रात योजनेचे नाव, लाभार्थी क्रमांक, बैठकीची तारीख, रक्कम आणि बँक खाते एवढे तर हवेच. पण खरे महत्त्व दोन नोंदींना आहे. पहिली नोंद, अनुदान कोणत्या महिन्यापासून मंजूर झाले ही. ती नसेल, तर पैसे खात्यात येईपर्यंत मधले किती महिने गळाले हे कुणालाच सांगता येत नाही आणि थकबाकी मागायला आधारच राहत नाही. दुसरी नोंद गटाची. याच योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण असे इतर गटही आहेत. एखादी दिव्यांग स्त्री दहा वर्षांपूर्वी ‘विधवा’ म्हणून नोंदली गेली असेल, तर तेव्हा काहीच बिघडत नव्हते, कारण रक्कम सर्वांना सारखीच होती. आता दिव्यांग गटाला हजार रुपये जास्त आहेत, आणि जुन्या नोंदीतला एक शब्द तिला महिन्याला हजार रुपयांना पडू शकतो. पत्र हातात असेल तरच ही चूक तिच्या लक्षात येईल. नसेल तर शेजारणीला २५०० का आणि आपल्याला १५०० का, या प्रश्नावर खिडकीतून ‘वरून तेवढेच येतात’ हे उत्तर ऐकून परतावे लागते.

मंजुरीमागचा मूळ कागद म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि ते नीट वाचण्याची सवय कार्यालयालाही नाही. प्रमाणपत्राच्या नमुन्यात टक्केवारीखाली दोन ओळी असतात. अवस्था वाढत जाणारी आहे की स्थिर, सुधारण्याजोगी आहे की नाही, हे पहिलीत. पुन्हा तपासणी गरजेची नाही, किंवा अमुक काळानंतर करावी आणि तोवर प्रमाणपत्र वैध राहील, हे दुसरीत. नियमही स्पष्ट आहे: बदलाची शक्यता नसेल तेव्हा कायमस्वरूपी प्रमाणपत्र, शक्यता असेल तेव्हा मुदतीचे. वैद्यकीय फेरतपासणीचा प्रश्न या दुसऱ्या ओळीवर संपायला हवा. मानसिक आजारात किंवा वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत ठरावीक काळाने पाहणे समजण्यासारखे आहे. पण गुडघ्याखाली कापलेला पाय पुढच्या वर्षी फुटत नाही, आणि ‘तपासणीची गरज नाही’ असे लिहिलेल्या माणसाला नव्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत पाठवणे ही निव्वळ छळवणूक आहे. त्या रांगेसाठी दोन एसटी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि बोर्डाचे डॉक्टर न आल्यास पुढची तारीख, हा सगळा खर्च तोच भरतो.

वैद्यकीय तपासणी टळली तरी दोन दाखले सुटत नाहीत: हयातीचा आणि उत्पन्नाचा. माणूस जिवंत आहे की नाही हे वर्षातून एकदा पाहणे रास्त आहे. फक्त ते कसे पाहतात हा प्रश्न आहे. कुष्ठमुक्त माणसाच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. चेहरा ओळखणारी यंत्रणा डोळे मिचकवायला सांगते. अंध व्यक्तीने किंवा ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रीने ते कसे करायचे? याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल ओळखपडताळणी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे सविस्तर निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हयात पाहायला गावातल्या महसूल कर्मचाऱ्याने त्याच्या घरी जावे. खाटेवर घालून त्याला तहसीलला आणणे ही तपासणी नव्हे.

उत्पन्नाची अट तर मुळातच खोटे बोलायला लावणारी आहे. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये, आणि तेही एकट्या दिव्यांगाचे नाही, अख्ख्या कुटुंबाचे. घरातल्या दोघांनी वर्षातून फक्त शंभर-शंभर दिवस रोज ३०० रुपयांनी मजुरी केली, तरी आकडा ६०,००० वर जातो. म्हणजे हातावर पोट असलेले घरही कायद्याच्या नजरेत निराधार ठरत नाही. याच राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. धडधाकट बहिणीला अडीच लाख आणि पांगळ्या भावाला पन्नास हजार, हा हिशेब कोणत्या न्यायाचा, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. दाखला ‘बसवून’ घ्यावा लागतो. दाखला देणाऱ्याला आकडा खोटा आहे हे माहीत असते, घेणाऱ्याला माहीत असते, मंजूर करणाऱ्यालाही माहीत असते. फेरतपासणीत गुन्हेगार ठरतो तो एकटा लाभार्थी. मर्यादा लाडकी बहीणच्या बरोबरीला आणली, तर यातली बरीचशी फेरतपासणी आपोआप अनावश्यक होईल.

बोगस लाभार्थी आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून कडक तपासणीची मागणी वाढली. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे. ती वापरावी. खोटे प्रमाणपत्र रुग्णालयाच्या आतल्या मदतीशिवाय तयार होत नाही, तेव्हा चौकशीही तिथूनच सुरू व्हावी. त्याऐवजी सगळ्याच लाभार्थ्यांचा पगार आधी रोखायचा आणि खरेपणा सिद्ध करत बसण्याचे काम त्यांच्यावर टाकायचे, ही रीत सोपी आहे म्हणून चालते.

पगार थांबतो तोही न सांगता. पासबुक भरून घेताना तीन महिन्यांची ओळ कोरी दिसते, तेव्हा कळते. कारण दाखला न पोचल्याचे असते, आधार खात्याला जोडलेले नसल्याचे असते, कधी नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराचे. अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागल्यापासून ही आधार जोडणी चुकली की पैसे अडकतात, आणि बँक तहसीलकडे बोट दाखवते, तहसील बँकेकडे. कुणाच्या हक्काचे काढून घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, हे नैसर्गिक न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार तर प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी वेगळा अर्ज लागू नये.

तरी लागतो, म्हणून तो करावा. तहसीलच्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या अर्जावर (दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ) मंजुरी आदेशाची प्रत, नोंदीतला गट, अनुदान थांबवल्याची तारीख, थांबवणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि कारण मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवस. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्केवारी कमी केली, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. हक्क डावलला गेल्याची तक्रार पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे करावी. त्यांनी शिफारस केली, तर संबंधित कार्यालयाने त्यावर काय केले हे तीन महिन्यांत कळवायचे असते. शिफारस न मानल्यास तेही कारणासह.

तालुक्याच्या पातळीवर मागणी तीन गोष्टींची असावी. प्रत्येक मंजुरीचे पत्र टपालाने घरी यावे. दृष्टिहीनांना ते ब्रेलमध्ये किंवा वाचून दाखवून दिले जावे. फेरतपासणीची सूचना तारीख, कारण आणि लागणारे कागद लिहून किमान एक महिना आधी मिळावी, आणि म्हणणे ऐकून निर्णय होईपर्यंत अनुदान चालू राहावे. चुकीने थांबलेले अनुदान पुन्हा सुरू होईल, तेव्हा ते थांबलेल्या महिन्यापासूनच्या थकबाकीसह द्यावे आणि ती रक्कम पत्रात वेगळी दाखवावी.