हुकूम कोणाचा, सही कोणाची?

“वरून हुकूम आला आहे,” हें कचेरींतील उत्तर आमच्या व्यापारी वाचकांस नवें नाहीं. तें न्यायासनापुढें किती टिकतें, हें मुंबईच्याच एका खटल्यानें दाखविलें आहे. १९४७ च्या जुलैंत पोलीस कमिशनरांनीं एका गृहस्थास अंधेरीस चित्रपटगृह बांधण्याची परवानगी दिली; सप्टेंबरांत ‘सरकारच्या आज्ञेवरून’ ती रद्द झाल्याचें कळविलें. वास्तविक नियमानें हा अधिकार कमिशनरांचा होता. निर्णय आपलाच होता, असें त्यांनीं मागाहून सांगून पाहिलें. पण हुकुमाचा अर्थ त्यांतील शब्दांवरून करावयाचा, मागाहूनच्या खुलाशावरून नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं ठरविलें.

वरिष्ठांचा सल्ला घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु कायद्यानें ज्याच्या हातीं निर्णय सोंपविला, त्यानेंच संबंधितांचें म्हणणें ऐकून, स्वतःच्या बुद्धीनें व कारणें नमूद करून तो द्यावा. नाहींतर सही एकाची, मर्जी दुसऱ्याची आणि नुकसान मात्र तिसऱ्याचें! म्हणून ज्याचा परवाना जाईल, त्यानें तोंडी उत्तरावर परत न फिरतां कारणें लेखी मागावीं. हा हट्ट नव्हे. हा नागरिकाचा हक्क आहे.