गाडीतून उतरल्यावर

शहर पायी बघायचे आणि चालता चालता त्याविषयी बोलायचे, अशा फेऱ्या २००७ साली टोरोंटोत जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ सुरू झाल्या. डोंबिवलीला चालण्याचे अप्रूप नाही. १९९९ पासून गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला वाहने निमूट वाट देतात. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

मैत्रिणींनो, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आपणही अशा फेऱ्या काढाव्यात. मात्र रविवारी सकाळी तलावपाळीवर नकोत. संध्याकाळी सातनंतर, लोकलमधून उतरणाऱ्या बायकांबरोबर निघून त्यांच्या दारापर्यंत जाव्यात. फूटपाथ मोटारसायकलींनी अडवलेला असतो, पण डोळ्यांत खुपते ती भाजीवाली! तिला हटवून रस्ता मोकळा होतो, हे आम्हाला मान्य नाही. तिचा बल्ब जळत असतो तोवर त्या गल्लीतून जायला भीती वाटत नाही.

घर इतके लांब का, हेही फेरीत बोलले पाहिजे. परवडते म्हणून गरीब कुटुंबे शिळफाट्याच्या अर्धवट, बेकायदा इमारतीत राहिली. ४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळून ७४ जण गेले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसे पडून मेली. कल्याणची महिला विशेष गाडी १९९२ मध्ये सुरू झाली. घरकामाला निघणाऱ्या बाईच्या वेळा तिच्यात बसत नाहीत.

मागण्यांचा कागद एकच करावा आणि महापालिका, रेल्वे, म्हाडा यांना एकाच दिवशी द्यावा. नाहीतर ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे तीनदा ऐकावे लागेल. फेरी काढलीत तर गाडीतून उतरल्याची आणि घरी पोचल्याची वेळ लिहून आम्हाला जरूर कळवा.